विश्लेषण : षटकार बसल्यानंतरचा चेंडू गोलंदाजाची खरी परीक्षा का असतो?

वागळे इस्टेट (ठाणे) : सुटीच्या दिवशी कंपन्यांच्या संघांचे सामने रंगले की एक प्रसंग हमखास दिसतो. शेवटच्या षटकात सलग दोन षटकार बसतात, गोलंदाज क्षेत्ररक्षकावर डाफरतो, पुढचा चेंडू वाइड जातो आणि सामना हातून निसटतो. मग 'याच्यात टेम्परामेंटच नाही' असा शिक्का बसतो. पण मानसिक कणखरपणा हा जन्मजात स्वभाव असतो की तो घडवता येतो? ठाण्याहून लोकलने पुढे गेल्यावर लागणाऱ्या कल्याणच्या तुषार देशपांडेची कारकीर्द या प्रश्नाचे चांगले उत्तर देते.

२०२३ मध्ये काय घडले होते?

३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादमध्ये आयपीएलचा सलामीचा सामना झाला. 'इम्पॅक्ट प्लेयर'चा नियम त्याच हंगामात आला आणि चेन्नई सुपर किंग्जने अंबाती रायुडूच्या जागी तुषारला उतरवले. आयपीएलमधला तो पहिला 'इम्पॅक्ट प्लेयर' ठरला. मात्र ३.२ षटकांत त्याने ५१ धावा दिल्या आणि चेन्नईने सामना गमावला. तीन दिवसांनी लखनौविरुद्ध संघ जिंकला, तरी चेन्नईच्या गोलंदाजांनी वाइड आणि नो-बॉलची खैरात केली. त्यानंतर कर्णधार महेंद्रसिंह धोनीने जाहीर इशारा दिला : नो-बॉल बंद करा, वाइड कमी करा, नाहीतर नव्या कर्णधाराच्या हाताखाली खेळावे लागेल.

कुठलाही तरुण गोलंदाज इथे खचला असता. समाजमाध्यमांवर खिल्ली उडणे तर ठरलेलेच. पण धोनीने कान उपटले, तरी तुषारच्या हातातून चेंडू काढून घेतला नाही. हंगाम संपला तेव्हा तुषारच्या नावावर १६ सामन्यांत २१ बळी होते, चेन्नईकडून सर्वाधिक.

मग तो 'अपयशावर मात' करून बसला का?

तसे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. त्या हंगामात त्याने षटकामागे जवळपास १० धावा दिल्या. अंतिम सामन्यात तर ४ षटकांत ५६ धावा गेल्या आणि बळी एकही मिळाला नाही. तरीही रवींद्र जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर १० धावा काढल्या आणि चेन्नईने विजेतेपद पटकावले. कणखर गोलंदाजालाही मार बसतोच. फरक एवढाच, की मागच्या चेंडूचा हिशेब तो पुढच्या चेंडूवर वसूल करायला जात नाही.

दडपणाचा चेंडूवर परिणाम कसा होतो?

मार बसला की गोलंदाज घाई करतो. धाव घेण्याची लय बिघडते, पाऊल क्रीझच्या पुढे पडते आणि नो-बॉल होतो. टी-२० मध्ये त्याची शिक्षा म्हणजे एक धाव आणि वर फ्री-हिट. म्हणजे एका चुकीतून दुसऱ्या चुकीची सोय होते. म्हणूनच रन-अपच्या खुणेपर्यंत सावकाश चालत जाणे, एक दीर्घ श्वास घेणे आणि चेंडू कुठे टाकायचा हे एकदाच ठरवणे, या साध्या सवयी मोलाच्या ठरतात. चेंडू कुठे टाकायचा हे गोलंदाजाच्या हातात असते. झेल पकडला जाईल की सुटेल, हे नसते.

बेसबॉलचा अनुभव काय सांगतो?

बेसबॉलमधला पिचर तर आणखी एकटा असतो. जवळपास प्रत्येक खेळी त्याच्या फेकीपासून सुरू होते आणि एकदा त्याला पिचर म्हणून बाहेर काढून दुसरा खेळाडू घेतला की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. पिट्सबर्ग पायरेट्सच्या स्टीव्ह ब्लासने १९७१ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये दोन सामने जिंकून दिले. १९७३ मध्ये मात्र त्याचे चेंडूवरचे नियंत्रणच हरवले. कोणतीही दुखापत सापडली नाही आणि कारकीर्द संपली. अशा अवस्थेला तिथे आजही 'स्टीव्ह ब्लास डिसीज' म्हणतात. म्हणजे यश मिळवलेल्या, धीट खेळाडूचेही मन अडखळू शकते. त्याला भित्रा म्हणणे हा अडाणीपणा ठरेल.

संघभावना कुठे दिसते?

आपले मुख्य काम नसतानाही खेळाडू काय करतो, तिथे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध मुंबईचे दुसऱ्या डावात ३३७ धावांत ९ गडी बाद झाले होते. अकराव्या क्रमांकावर आलेल्या तुषारने १२३ धावा केल्या, दहाव्या क्रमांकावरचा तनुष कोटियन १२० वर नाबाद राहिला. दोघांची भागीदारी २३२ धावांची. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतके ठोकण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही दुसरीच वेळ. पहिली नोंद १९४६ मध्ये सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची.

पालघरच्या शार्दूल ठाकूरचेही तसेच. २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात १० चेंडू टाकून तो दुखापतीने बाहेर पडला. पुढची कसोटी मिळाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे त्याने ७ बळी घेतले आणि संघ अडचणीत असताना ६७ धावाही केल्या.

मैदानांवर काय बदलायला हवे?

कल्याण-डोंबिवलीतून किटबॅग सांभाळत लोकलच्या गर्दीतून मैदान गाठणाऱ्या मुलांना अनेकदा एका वाईट षटकावर जोखले जाते. पालक कुंपणाबाहेरून ओरडतात, कर्णधार पुन्हा चेंडू देत नाही आणि मुलगा मान खाली घालून सीमारेषेवर उभा राहतो. चूक दाखवायलाच हवी, तीही स्पष्ट शब्दांत. पण त्यानंतर चेंडूही परत द्यायला हवा. कणखरपणा भाषणांतून येत नाही, मार खाल्ल्यावर मिळालेल्या पुढच्या षटकातून येतो. ते षटक देणे ही प्रशिक्षक आणि कर्णधाराची जबाबदारी आहे. मिळालेले षटक क्षेत्ररक्षकावर न चिडता पूर्ण करणे, ही गोलंदाजाची.