पुष्पक खरोखर उडाले होते

१७ डिसेंबर जवळ आला की मराठी समाजमाध्यमांवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते. राइट बंधूंच्या १९०३ च्या उड्डाणाचा तो स्मरणदिन, आणि छायाचित्र शिवकर बापूजी तळपदे यांचे. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: १८९५, गिरगाव चौपाटी, ‘मरुत्सखा’, पंधराशे फूट उंची, आणि इंग्रजांनी दडपलेला इतिहास. बुलढाण्यापासून बोस्टनपर्यंतचे मराठी लोक तो अभिमानाने पुढे पाठवतात. त्याच वेळी ज्याचा प्रत्येक सांधा नोंदवलेला आहे असे एक खरे ‘पुष्पक’ विमान कुठल्यातरी शेडमध्ये गंजत असते. त्याचे छायाचित्र कोणी पाठवत नाही.

तळपद्यांच्या बाबतीतला पुरावा थोडक्यात पाहता येतो. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा आजवर कोणी समोर ठेवलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’च्या आधारे ही कथा उभी केली जाते, त्याची तपासणी १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या पाचांत एक देशपांडेही होते, तेव्हा हा कोणा परकीयाचा मत्सर नव्हे. तळपदे नावाचा जिज्ञासू माणूस मुंबईत होऊन गेला, त्याने प्रयोग केले, एवढे त्याच्या आदरासाठी पुरेसे आहे. न झालेल्या उड्डाणाचे श्रेय त्याच्या नावावर चढवणे हा त्याचाही सन्मान नाही.

या कथेचे खरे नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी झाले आहे.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याचे एक लहान, दोन आसनी विमान प्रथम आकाशात गेले. त्याचे नाव पुष्पक. त्यामागच्या रचनाकारांचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचा, १९०८ साली जन्मलेला हा माणूस जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकला. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, तेच हे प्रांट्ल. घाटगे यांच्याच हातून त्याआधी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडले होते. ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ज्या कारखान्यात हे सारे झाले, तो १९४० साली उभारणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. म्हणजे मराठी माणसाला विमानविद्येचा अभिमान बाळगायचा असेल, तर पौराणिक नावासह एक खरे विमान हाताशी तयार आहे.

पुष्पक हे सर्वस्वी स्वतंत्र रचनेचे विमान नव्हते. अमेरिकेच्या एरोन्का चीफ या विमानाच्या नमुन्यावर ते बेतलेले होते आणि त्याचे नव्वद अश्वशक्तीचे इंजिनही अमेरिकन कॉन्टिनेन्टल कंपनीचे होते. ‘मग ती नक्कलच’ असे म्हणणारे भेटतात. गंमत अशी की हेच लोक ‘मरुत्सखा’साठी एका नकाशाचीही मागणी करत नाहीत. नमुना घेऊन इथल्या हवेत, इथल्या धावपट्ट्यांवर, इथल्या फ्लाइंग क्लबांच्या तुटपुंज्या पैशांत टिकेल असे विमान दीडशेहून अधिक संख्येने बांधणे ही कारागिरी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत देशातल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे याच विमानात घेतले.

आज यातली फार थोडी उडण्याच्या अवस्थेत आहेत. एखादे खांबावर चढवले जाते, एखादे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात उन्हापावसात उभे राहते. चौकात खांबावर बसवलेले विमान म्हणजे जतन, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची का, हे कळण्यासाठी अशा विमानाचा देह कशाचा असतो ते पाहावे लागते.

पोलादी नळ्या जोडून धडाचा सांगाडा केलेला असतो. त्यावर कापड ताणलेले असते. टायगर मॉथसारख्या आणखी जुन्या विमानात पंखांच्या आतल्या तुळया स्प्रूस लाकडाच्या असतात. कापड पूर्वी जवसाच्या धाग्याचे असे, पुढे लांब धाग्याच्या कापसाचे आले, आता बहुधा पॉलिएस्टरचे असते. (धाग्याची लांबी हा विषय खामगावच्या बाजारात कापूस विकणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही.) उशीला अभ्रा घालावा तसे ते पंखावर चढवतात. मग मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फासळीशी, ठरलेल्या अंतरावर, गाठ मारत शिवतात. त्यावर डोप नावाच्या उग्र वासाच्या द्रवाचे थरावर थर देतात. तो सुकताना कापड आवळून ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. वरच्या थरांत अॅल्युमिनियमची भुकटी मिसळतात, ती केवळ शोभेसाठी नव्हे. कापडाचा खरा शत्रू ऊन असते आणि ही भुकटी ते अडवते.

पोलादी नळी आतून गंजते. शेपटीकडे टेकून उभ्या राहणाऱ्या विमानात पाणी मागे, खालच्या नळ्यांत उतरते आणि तिथेच साचते. बाहेरून रंग झकास, आत नळी कागदासारखी पातळ. जुन्या लाकडी पंखातला सरस दमट हवेत सुटतो आणि बुरशी लागते. म्हणूनच विमान ‘जसेच्या तसे’ ठेवणे हा शब्दप्रयोगच फसवा आहे. ते उघडावे लागते, कापड उतरवावे लागते, नळ्या ठोकून पाहाव्या लागतात, कुजलेला भाग कापून नवा जोडावा लागतो. हे सारे ठरावीक काळाने, पुन्हा पुन्हा. खांबावरच्या विमानाला यांतले काही मिळत नाही. उडणाऱ्याला मिळतेच, कारण त्याशिवाय ते उडू शकत नाही.

सिंदखेड राजाच्या पुतळा बारवेचा किंवा मोती तलावाचा विषय निघाला की गाळ काढा, पाणी टिकवा, असे सगळेच म्हणतात. पाणी नसलेल्या बारवेपुढे केवळ फलक लावून कोणाचे समाधान होत नाही. यंत्रांच्या बाबतीत मात्र फलक पुरतो, आणि इतिहासाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही वारसा म्हणजे दगड, नाणी आणि कागद, इथेच गाडी थांबते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा श्रीमंतांचा शौक, त्याची चिंता इतरांनी का करावी? जुनी विमाने जिवंत ठेवणारे जगभर बहुतांशी खासगी मालकच आहेत, हे खरे. पण शौक फक्त श्रीमंतांचा का उरतो, याचे उत्तर नियमांत सापडते. ब्रिटनमध्ये जुन्या हलक्या विमानाचा मालक स्वतःच्या हातांनी काम करू शकतो. लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या संघटनेचा निरीक्षक टप्प्याटप्प्याने ते तपासतो, सही करतो, आणि विमानास उड्डाणाचा परवाना मिळतो. त्यामुळे तिथे शिक्षक, सुतार, निवृत्त कारकून असे चारपाच जण मिळून एक विमान बाळगतात. मजुरी त्यांची स्वतःची असते.

भारतात मुंबईच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सर्वांना माहीत आहेत. त्यांचे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरात. जे नाव वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते, त्याची ही गती. एखाद्या तालुक्याच्या गावी जुने पुष्पक दुरुस्त करू पाहणाऱ्या अनामिक माणसाची गती काय असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

जमिनीवरच्या जुन्या वाहनांना मात्र केंद्र शासनाने २०२१ साली वेगळी वाट करून दिली. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारी व दुचाकींसाठी स्वतंत्र नोंदणी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, प्रदर्शन व रॅलीपुरता वापर, व्यावसायिक वापरास बंदी. मर्यादा स्पष्ट, कागद मोजके. आकाशातल्या वारशासाठी मागणी यापेक्षा मोठी नाही. प्रवासी नकोत, भाडे नको, शहरावरून उड्डाण नको. उघड्या माळावर, स्वच्छ दिवसा, परवानाधारक अभियंत्याच्या नजरेखाली मालकाला स्वतः काम करू द्यावे.

पैसा असूनही काय होते, याचे उदाहरण २०१८ चे आहे. राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वैमानिक वडिलांच्या स्मरणार्थ एक डकोटा दुरुस्त करवून हवाई दलाला दिले. ‘परशुराम’ या नावाचे ते विमान त्या एप्रिलमध्ये उडत भारतात आले. दान स्तुत्य आहे, पण ते आले इंग्लंडहून, कारण दुरुस्ती तिथे झाली होती. हवाई दलाच्या टायगर मॉथचीही कथा तीच. वारसा आपला, पैसा आपला. हात मात्र दुसऱ्यांचे. आणि हातांची आपल्याकडे वाण आहे असे कोणी म्हणू नये. चिखली-मेहकरच्या गॅरेजांत साठ सालची जीप आणि त्याहून जुनी ऑइल इंजिने आजही चालती ठेवली जातात. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर घडवला जातो. विमानाला याहून कितीतरी काटेकोर शिस्त लागते, प्रत्येक बोल्टची नोंद लागते. पण शिस्त शिकवता येते. बोटांतली समज शिकवायला पिढी जावी लागते, आणि ती समज इथे आहे.

बुलढाण्याचा या आकाशाशी संबंध काय, असाही प्रश्न येईल. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डकोटा विमाने रात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती देऊळगाव राजा आणि चिखलीच्या मधून जाते. हा इतिहास जिल्ह्याच्या माथ्यावरून गेलेला आहे. त्याच्या आठवणी सांगू शकतील अशी माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेणारे शौकीन या चळवळीचे शत्रूच होत. पण वय हा एकटा निकष नव्हे. १९८२ साली जे. आर. डी. टाटा यांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते मुंबई हा आपला १९३२ चा प्रवास पुन्हा केला. ते विमान लेपर्ड मॉथ होते, पंचेचाळिशी ओलांडलेले. वैमानिक जुना, यंत्र जुने. निगा मात्र ताजी होती. पुष्पकच्या इंजिनाच्या कुळातले ओ-२०० इंजिन तर आजही तयार होते. प्रश्न भागांचा नाही, कागदांचा आहे.

आणि कागद फार लवकर मरतात. विमानाला दोन जन्मपत्रिका असतात: एक सांगाड्याचे लॉगबुक, एक इंजिनाचे. किती तास उडाले, कुठे आपटले, कोणती नळी कधी बदलली, कोणाच्या सहीने, हे सारे तिथे असते. लॉगबुक हरवलेले विमान कितीही देखणे असले तरी कायद्याच्या दृष्टीने संशयित असते. त्याचे कापड बदलता येते, भूतकाळ परत आणता येत नाही. एखादा क्लब बंद पडला की सांगाडा भंगारवाल्याकडे आणि वह्या रद्दीवाल्याकडे जाण्याची भीती असते. एकदा दोघांची ताटातूट झाली की त्या विमानाचे उडणे जवळपास संपते. नियम बदलायला वर्षे लागतील. वह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवायला मालकाच्या होकाराखेरीज कसलीही परवानगी लागत नाही, आणि त्यासाठी लागणारा फोन तळपद्यांचा मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे.