आरोग्यविचार : श्रम मोजावे कोणत्या मापाने?

कापड मीटरने मोजतात, तेल लिटरने, धान्य तोलून घेतात. माप खरे असले तरी ते त्या वस्तूचे नसेल, तर हिशेब चुकतोच. व्यायामाचे श्रम मोजतानाही हाच नियम लागू पडतो. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांच्या बाबतीत तो विसरणे धोक्याचे ठरते.

२२० मधून वय वजा केले की नाडीच्या ठोक्यांची कमाल मर्यादा ढोबळमानाने मिळते, हा व्यायामशाळांतील प्रचलित हिशेब. २० वर्षांच्या तरुणासाठी ती २०० येते आणि तिच्या ७५ टक्के, म्हणजे १५० ठोके, हे चांगल्या श्रमाचे लक्षण मानले जाते. आता याच वयाचे दोन खेळाडू डोळ्यांसमोर आणावेत. एकाने अपघातात पाय गमावला आहे. दुसऱ्याच्या मानेतील मज्जारज्जू पूर्णपणे निकामी झाला आहे. दोघेही सर्व बळ एकवटून चाके फिरवीत आहेत. पहिल्याची नाडी १५० च्या पुढे जाऊ शकते. दुसऱ्याची बहुधा ११० ते १३० च्या दरम्यानच अडते. प्रशिक्षकाला वाटते, हा अंग चोरतो आहे. वस्तुतः त्याची शक्ती पणाला लागलेली असते.

हृदयाची गती वाढविणारे मज्जातंतू छातीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूतून निघतात. मानेतच मार्ग खंडित झाला, की मेंदूचा आदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हृदयाला आवर घालणारी व्हेगस नस मात्र मेंदूतून थेट येते व शाबूत राहते. तिचा लगाम सैल झाल्याने वाढेल तेवढीच गती वाढते. इजा कमरेच्या भागात असेल, तर हा अडसर सहसा नसतो. मेंदूच्या पक्षाघातात आणखी निराळे चित्र दिसते: स्नायूंच्या ताठरपणामुळे तेवढ्याच वेगासाठी अधिक शक्ती खर्ची पडते.

मानेच्या इजेत इजेखालील शरीराला नीट घामही येत नाही. अशा खेळाडूला १५० च्या आकड्यासाठी दामटले, तर अंगातील उष्णता जीवघेणी वाढू शकते.

म्हणून जाणकार प्रत्येकाचे माप स्वतंत्र ठरवितात. श्रम टप्प्याटप्प्याने वाढवीत प्राणवायूचा वापर, रक्तातील लॅक्टेट व नाडी यांची एकत्र नोंद घेतली जाते. सोबत खेळाडूलाच विचारतात, ‘किती जड जाते आहे?’ स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी श्रेणी तयार केली. तीत १३ म्हणजे ‘काहीसे कठीण’. दंड थकले की धाप लागली, हेही वेगवेगळे विचारणे हिताचे.

घरातील कोणी व्हीलचेअरवर बसून व्यायाम करीत असेल, तर मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावरून त्याला आळशी ठरवू नये. वैद्यांकडून त्याची मर्यादा जाणून घ्यावी, पाणी व सावली यांची सोय ठेवावी आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांबावे. त्याच्या शब्दालाही मापाचे मोल आहे.