आधी खाते, मग पुस्तक?

मराठी प्रकाशकांपैकी अनेकांनी आता स्वतःची विक्री-संकेतस्थळे उघडली आहेत. मोठ्या बाजारपेठी संकेतस्थळांच्या दयेवर न राहता प्रकाशकाने थेट वाचकापर्यंत पोहोचावे, हे योग्यच आहे. मात्र यांपैकी काही दुकानांत पुस्तक निवडून पुढे जावे तर बिलाआधी नोंदणीचा अर्ज समोर येतो : नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, पासवर्ड, पुन्हा एकदा पासवर्ड. खाते उघडा, मगच पुस्तक मिळेल, असा त्याचा सरळ अर्थ. ग्राहकखात्याची व्यवस्था कोणती असावी हा निर्णय बहुधा संकेतस्थळ बांधणाऱ्या तंत्रज्ञावर सोपवलेला असतो, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो आपला विषयच वाटत नाही. वाचकाच्या प्रतिसादाची मीमांसा करणाऱ्या आपण मंडळींनी वाचकाची नोंद कोण, कशासाठी ठेवतो याकडे पाठ फिरवावी, हे मला चमत्कारिक वाटते. माझे म्हणणे स्पष्ट आहे. पुस्तकांच्या दुकानाने खात्याविना खरेदी करू देणारीच व्यवस्था निवडली पाहिजे. ज्याला हवे त्याने खाते उघडावे. पण ती विक्रीची अट असता कामा नये.

मुळात पुस्तक घरपोच पाठवायला काय लागते? नाव, पिनकोडसह पत्ता, कुरिअरवाल्यासाठी फोन क्रमांक आणि पावतीसाठी ईमेल. जन्मतारीख लागत नाही. पासवर्ड तर मुळीच लागत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात रोख पैसे मोजून कवितासंग्रह घेणाऱ्याला कोणी नावही विचारत नाही. तोच कवितासंग्रह संगणकावरून मागवला की वाचकाने आयुष्यभराची ओळख मागे ठेवावी, याला कोणताही तांत्रिक आधार नाही. वूकॉमर्स किंवा शॉपिफाय यांसारख्या प्रचलित प्रणालींत पाहुणा म्हणून, म्हणजे खाते न उघडता, खरेदी करू देण्याची सोय आहेच. दुकानदाराने ती चालू ठेवायची की बंद करायची, एवढाच प्रश्न उरतो. म्हणजे सक्ती यंत्राची नाही, माणसाची आहे.

खाती ठेवायचीच असतील तर ती कोणत्या प्रकारची, हाही विचार करावा लागतो. पासवर्डची जुनी पद्धत छोट्या प्रकाशकाला सर्वांत धोक्याची. माणसे एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. त्यामुळे ज्याचे संकेतस्थळ वर्षानुवर्षे कोणी अद्ययावत केलेले नाही असा प्रकाशक नकळत आपल्या वाचकांच्या इतर कुलपांच्या किल्ल्याही सांभाळत बसतो. गूगल किंवा फेसबुकच्या ओळखीने प्रवेश देणे सोपे खरे, पण त्यात वाचक कोणत्या दुकानात शिरला ही वार्ता तिसऱ्याच्या कानी जाते. मोबाइलवर येणारा ओटीपी आपल्याकडे अंगवळणी पडला आहे. पण न्यू जर्सीतला मुलगा सांगलीतल्या आईसाठी पुस्तक मागवतो तेव्हा काय होते? अर्जातल्या दहा आकड्यांच्या चौकटीत देशाच्या संकेतांकासह त्याचा क्रमांक बसत नाही, आणि आईचा दिला तर ओटीपी तिच्या फोनवर जातो. पैसे देणारा, मागवणारा आणि वाचणारा एकच माणूस असतो हे गृहीतकच आपल्या कुटुंबव्यवस्थेत टिकत नाही. त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग म्हणजे ईमेलवर एकदाच वापरायचा संकेतांक पाठवणे. पासवर्ड नसल्याने तो चोरीलाही जात नाही. हा मार्गही ऐच्छिकच असावा, आणि त्याचे निमंत्रण खरेदी पूर्ण झाल्यावर द्यावे.

कोणी म्हणेल, किराणा मागवतानाही आपण खाते उघडतोच. मग पुस्तकाचेच एवढे कौतुक कशाला? कारण माणसाने घेतलेल्या पुस्तकांची यादी ही त्याच्या मनात चाललेल्या विचारांची यादी समजली जाते, आणि तशी ती वापरलीही जाते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २००० साली एका अमली पदार्थ प्रकरणाच्या तपासात पोलिसांना घटनास्थळी असे पदार्थ बनवण्याविषयीची दोन पुस्तके आणि डेन्व्हरच्या टॅटर्ड कव्हर या पुस्तकदुकानाचे टपाली पाकीट सापडले. पाकिटातून काय पाठवले होते याची नोंद त्यांनी मागितली. दुकानाच्या मालकीण जॉइस मेस्किस यांनी नकार दिला आणि त्या न्यायालयात गेल्या. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. पुढे उघड झाले की त्या पाकिटात जपानी लिपीविषयीचे पुस्तक होते.

आपल्याकडचा प्रसंग आणखी जवळचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एल्गार परिषद प्रकरणातील एका जामीन अर्जाच्या सुनावणीत आरोपीच्या घरी मिळालेल्या पुस्तकाचा प्रश्न निघाला. ‘वॉर अँड पीस’ घरी का ठेवले, असे विचारले गेल्याचे वृत्त देशभर पसरले आणि टॉल्स्टॉयच्या नावाने थट्टा झाली. ते पुस्तक बिस्वजित रॉय यांनी संपादित केलेले ‘वॉर अँड पीस इन जंगलमहल’ हे होते, हा खुलासा नंतर झाला. त्या खटल्याच्या गुणदोषांत येथे शिरायचे नाही. पण दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट दिसते : पुस्तकाचे नाव संदर्भावाचून काहीही सिद्ध करत नाही, आणि तरीही ते प्रश्न म्हणून माणसासमोर उभे केले जाऊ शकते. संशोधक विद्यार्थी ज्या विचाराचे खंडन करायचे त्याचीच पुस्तके आधी विकत घेतो. त्याच्या खात्यातली यादी हे कधीच सांगणार नाही.

प्रकाशकांचा युक्तिवाद मी ऐकून आहे. बाजारपेठी संकेतस्थळे आम्हाला ग्राहकाचे नाव कळू देत नाहीत. आमचा वाचक कोण हे आम्हाला कधी कळणार? ही तक्रार रास्त आहे. पण वाचकाशी नाते जोडणे आणि वाचकाची नोंद ताब्यात घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रके, सूचिपत्रे, वार्षिक वर्गणी यांतून मराठी प्रकाशकांनी जे नाते जोडले, ते वाचकाने स्वखुशीने पत्ता दिल्यामुळे. आजही नव्या पुस्तकांची माहिती हवी का, असा एक प्रामाणिक प्रश्न विचारता येतो. खोट्या मागण्या येतात म्हणून सक्ती करतो, हेही पटत नाही; खोटे नाव घेऊन मागणी करणारा खोटे खातेही उघडू शकतो. ई-पुस्तकाची गोष्ट थोडी वेगळी आहे, पुन्हा उतरवून घेण्यासाठी तेथे खात्याचा उपयोग होतो. पण खात्याला बांधलेले पुस्तक किती आपले असते, हे २००९ मध्ये ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून ऑर्वेलची ‘१९८४’ परस्पर पुसून टाकली तेव्हा सर्वांना कळले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत दिले. पुस्तके मात्र गेली.

कायद्याची भाषाही आता बदलली आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. ठरलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, हे या कायद्यातल्या संमतीचे सूत्र आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जी माहिती घेतलीच नाही ती फुटण्याची भीती नाही, एवढे व्यवहारज्ञान प्रकाशकाला कायद्यावाचूनही असावे.

अध्यापक आणि विद्यार्थी हे मराठी पुस्तकांचे सर्वांत नित्याचे गिऱ्हाईक. महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी खरेदी करणारे, प्रकाशकांचे सल्लागार असणारे, लेखक म्हणून त्यांच्याशी करार करणारे लोक आपल्यातच आहेत. त्यांनी आपल्या प्रकाशकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. खाते न उघडता पुस्तक मिळते का? माझ्या खरेदीची नोंद हिशेबाच्या गरजेपलीकडे किती काळ राहते? आणि मी सांगितल्यास माझे खाते पुसले जाते का? ज्या प्रकाशकापाशी या प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याने वाचनसंस्कृतीवर भाषणे करण्यापूर्वी आपल्या दुकानाचा दरवाजा दुरुस्त करावा.