आपली गंगाजळी, परक्या तिजोऱ्या

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



हे पत्र अष्टमीहून लिहितो आहे. कुंडलिकेचा पूल ओलांडला की रोहा. आपल्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण तिथलं. म्हणून जे विचारायचं ते जरा हक्काने विचारतो.

१९४३ साली चिंतामणराव गव्हर्नर झाले तेव्हा भारत इंग्लंडचा सावकार बनत चालला होता. दुसऱ्या महायुद्धासाठी इथून माल जाई, त्याचे पौंड लंडनमध्ये जमा होत आणि त्या जमेवर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापी. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सहापटींहून अधिक झाल्या. महागाई आपण सोसली, पैसा मात्र लंडनमध्ये अडकला. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या चलनविषयक परिषदेत चिंतामणरावांसह भारतीय शिष्टमंडळाने ही येणी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत मोकळी करण्याची मागणी केली. ब्रिटनच्या बाजूने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी नकार दिला. पुढे रक्कम हप्त्याहप्त्याने सुटली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं सुमारे ३० टक्के अवमूल्यन झालं, तेव्हा उरलेल्या ठेवीची डॉलरमधली किंमतही तेवढीच घटली. रुपयालाही पौंडामागे जावं लागलं.

ही फक्त पारतंत्र्यातली गोष्ट नाही. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय चलनाची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यातला निम्मा भाग रशियन तेल घेतल्याबद्दल होता. आपल्या मालाचं गिऱ्हाईकही तेच देश आणि आपली ठेवही त्यांच्याचकडे, अशा वेळी ‘नाही’ म्हणणं जड जातं.

गंगाजळी नको, असं मी म्हणत नाही. १९९१ मध्ये ती आटली तेव्हा सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण गेलं. शेजारच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांतही बाहेरचा कच्चा माल लागतो. रुपया कोसळला तर झळ तिथल्या पाळीवरच्या कामगारापर्यंत पोचते. अलीकडे आपण परदेशात ठेवलेलं सोनं मोठ्या प्रमाणात देशात आणलंत, ते योग्यच झालं.

प्रश्न पुढचा आहे. आपल्या सहामाही अहवालात रोखे किती, ठेवी किती, सोनं कुठे किती हे कळतं. पण डॉलरमध्ये किती, युरोत किती, येनमध्ये किती, हे कळत नाही. स्वित्झर्लंडची मध्यवर्ती बँक हे जाहीर करते. सट्टेबाज फायदा घेतील, ही आपली अडचण रास्त आहे. मग आकडे सहा महिने उशिरा द्या, पण द्या. आणि मराठीतही द्या. कोणत्या राजधानीचा शब्द आपल्या धोरणाला किती जाचू शकतो, याचा अंदाज लोकांना आणि संसदेला त्यातूनच येईल.

कळावे,
अष्टमीचा एक रहिवासी