मोटारीचें कर्ज फिटल्यावर

कारधा येथील एका परिचित कुटुंबांत गेल्या महिन्यांत पेढे वांटले गेले. चार वर्षांपूर्वीं घेतलेल्या मोटारीचें कर्ज फिटलें होतें. परंतु त्याच सायंकाळीं दोघां भावांत मतभेद झाला. धाकटे म्हणाले, "दादा, बँकेचा आग्रह होता म्हणून पूर्ण विमा ठेविला. आतां कायद्यापुरता ठेवूं आणि उरलेले पैसे वांचवूं." थोरल्यांना तें पटेना, त्यांनीं आमचें मत विचारलें.

‘थर्ड पार्टी’ म्हणजे त्रयस्थाच्या हानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमान्वयें अनिवार्यच आहे. कर्ज असो वा नसो. स्वतःच्या मोटारीच्या हानीचा विमा मात्र आतां ऐच्छिक झाला. आजवर बँकेनें केलेला विचार यापुढें घरच्या कर्त्यांनीं करावयाचा आहे.

तो करतांना वर्षाचे किती रुपये वांचतात एवढेंच पाहूं नये. मोटार उद्यां नाहींशी झाली, तर मुलींच्या शिक्षणाची ठेव न मोडतां दुसरी घेतां येईल काय, हें पाहावें. चार वर्षें उलटलेल्या मोटारीची विम्यांतील किंमत साधारणतः मूळ किमतीच्या निम्मी धरतात. आठ लाखांची मोटार चार लाखांची झाली, तरी ती रक्कम लहान नव्हे.

शिवाय गांव वैनगंगेच्या तीरावर. २०२० च्या ऑगस्टअखेरीस आलेला महापूर भंडारा परिसरांत कोण विसरेल? पुरानें झालेली आपल्या मोटारीची हानि ‘थर्ड पार्टी’ विमा भरून देत नाहीं. पूर्ण विम्यांतही इंजिनांत पाणी शिरून झालेली हानि बहुधा वगळलेली असते. तिच्यासाठीं इंजिनरक्षणाची निराळी जोड घ्यावी लागते. आणि पाण्यांत बंद पडलेली मोटार सुरू करण्याचा हट्ट कधींही करूं नये.

आणखी एक काम विसरूं नये. बँकेचा ना-हरकत दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना परिवहन कार्यालयांत देऊन नोंदणीपुस्तकावरील बोजा उतरवावा, तसेंच विमापत्रावरील बँकेचें नांवही काढून घ्यावें. एरव्हीं मोटार समूळ गेल्यास भरपाईचे पैसे बँकेच्या नांवाशीं अडकतात.

आमचें मत ऐकून धाकट्यांनीं हिशेब पुन्हां मांडला. दुसऱ्या मोटारीइतकी शिल्लक घरांत नव्हती. तेव्हां तूर्त पूर्ण विमा इंजिनरक्षणासह ठेवावयाचा, आणि संपलेल्या हप्त्याची रक्कम दरमहा निराळी टाकावयाची, असें ठरलें. ती शिल्लक मोटारीच्या किमतीस गांठील, त्या वर्षीं धाकट्यांचें म्हणणें खुशाल मान्य करावें.