विश्लेषण : ‘व्हिडीओ सौजन्य – सोशल मीडिया’ लिहिले म्हणजे परवानगी मिळाली का?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, याचे व्हिडीओ नाशिककरांच्या मोबाइलवर फिरू लागतात. थोड्याच वेळात तेच व्हिडीओ संकेतस्थळांवर झळकतात आणि श्रेय असते ‘सोशल मीडिया’चे. पावसात उभे राहून चित्रीकरण करणारा कोण, हे कोणी विचारत नाही. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात अशा व्हिडीओंचा महापूर येईल. त्याआधी दुसऱ्याचा व्हिडीओ वापरण्याचे नियम समजून घ्यायला हवेत.

व्हिडीओचा मालक कोण?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार व्हिडीओलाही ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’चे संरक्षण मिळते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. स्वतःहून चित्रीकरण करणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे त्याची मालक ठरते. व्हिडीओ व्हॉट्सॲपच्या गटात टाकला म्हणून तिचा हक्क संपत नाही. मात्र मोबदला देऊन चित्रीकरण करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे गणेश मंडळाने मिरवणुकीसाठी व्हिडीओग्राफर नेमला असेल, तर परवानगी मंडळाकडे मागावी लागेल.

बातमीसाठी सूट नाही का?

आहे, पण मर्यादित. कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी ‘न्याय्य वापरा’ची मुभा आहे. मात्र ‘इतके सेकंद चालतात’ असा नियम कायद्यात कुठेही नाही. वापराचा हेतू काय, किती भाग घेतला आणि मूळ मालकाच्या कमाईवर त्याचा परिणाम झाला का, हे प्रकरणागणिक तपासले जाते. पुराच्या बातमीत काही क्षणांचे दृश्य दाखवणे वेगळे आणि संपूर्ण व्हिडीओ स्वतःचा शिक्का मारून जाहिरातींसह चालवणे वेगळे.

ही रेषा किती पुसट आहे, हे मे २०२५ मध्ये दिसले. काही सेकंदांच्या चित्रणासाठी ‘कॉपीराइट स्ट्राइक’ देऊन लाखो रुपये मागितले जात असल्याचा आरोप यूट्यूबर मोहक मंगल यांनी एएनआय या वृत्तसंस्थेवर केला. आपण कायदेशीर हक्कच बजावत असल्याची भूमिका घेत संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा दाखल केला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की यूट्यूब वाहिनी बंद होऊ शकते. त्यामुळे न्यायालयाच्या निकालाआधीच छोटा निर्माता नमते घेतो.

परवानगी कशी घ्यावी?

लेखी. तोंडी ‘वापरा की’ यावर विसंबू नये. किमान ईमेल किंवा संदेशातील स्पष्ट होकार जपून ठेवावा. पैशांचा व्यवहार असेल तर सही केलेले पत्र घ्यावे. कोणता व्हिडीओ, कुठे, किती काळ, किती मोबदल्यात आणि काटछाट करता येईल का, हे त्यात नमूद असावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. संकेतस्थळ मात्र जगभर दिसते, म्हणून ‘जगभरासाठी’ हा शब्द विसरू नये. व्हिडीओमागे चित्रपटातील गाणे वाजत असेल, तर त्याचे हक्क स्वतंत्र असतात. चित्रीकरण करणाऱ्याला ते देता येत नाहीत.

यूट्यूबवरचा व्हिडीओ चालतो का?

यूट्यूबने दिलेल्या ‘एम्बेड’ सुविधेतून व्हिडीओ दाखवला, तर तो यूट्यूबवरूनच चालतो आणि मालकाला तो केव्हाही काढता येतो. डाउनलोड करून आपल्या संकेतस्थळावर चढवणे ही थेट नक्कल झाली. काही निर्माते ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना देतात. तेथे नावाचा उल्लेख करून वापर करता येतो. आणखी एक मोकळा साठा म्हणजे मुदत संपलेले चित्रपट. भारतात चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकते. त्यामुळे त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज सर्वांचा आहे.

न विचारता वापरला तर?

भरपाईचा दावा होऊ शकतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हैतीतील २०१० च्या भूकंपाची छायाचित्रे डॅनियल मोरेल यांनी ट्विटरवर टाकली होती. ती परवानगीविना वापरल्याबद्दल २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधील ज्युरीने एएफपी आणि गेटी इमेजेस यांना सुमारे १२ लाख डॉलर भरण्यास सांगितले. समाजमाध्यमावर टाकले म्हणजे सर्वांना वाटून टाकले, हा समज तिथे टिकला नाही.

मात्र एएनआय किंवा मोरेल यांच्याप्रमाणे न्यायालयाचे दार ठोठावणे गोदाकाठच्या एखाद्या तरुणाला परवडणारे नाही. त्याच्या बाबतीत कायद्याचा धाक जवळपास नसतोच, आणि म्हणूनच जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. माध्यमांनी आपल्या छायाचित्रकाराला मानधन द्यायचे आणि वाचकाचा व्हिडीओ फुकट उचलायचा, हा दुजाभाव थांबला पाहिजे. सिंहस्थाआधी प्रत्येक संकेतस्थळाने परवानगीचा एक साधा मराठी मसुदा आणि मानधनाचा दर ठरवून ठेवावा. एक संदेश पाठवून विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि बातमी तेवढ्याने शिळी होत नाही.