ज्याची सक्ती, त्याचाच खर्च

पावणे गावच्या भातखाचरांवर आज कारखाने उभे आहेत. 1962 साली निघालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या या पट्ट्यात आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या. निदान पोरांना काम मिळेल, एवढीच आशा उरली. सांप्रत शेजारी महापे-ऐरोलीस संगणकाच्या कंपन्या आल्या आहेत. काम आहे, पण दारावर नवी पट्टी बसली आहे. तिचे नाव प्रमाणपत्र!

आमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी तेथे प्रोग्रॅम लिहिते. पदवी आहे, काम चोख आहे. तरी साहेबाने फर्माविले, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची परीक्षा स्वखर्चाने दे, नाहीतर पगारवाढ नाही. फी 150 डॉलर, म्हणजे बारा हजारांहून अधिक. आईने बांगड्या गहाण ठेवल्या. आणि दाखल्याची मुदत अवघी तीन वर्षे! विद्या बदलते म्हणून पुन्हा परीक्षा हवी, हे आम्हांस मान्य आहे. सवाल पैशाचा आहे.

आता यातली मेख पाहा. अ‍ॅमेझॉन आपल्या भागीदार कंपन्यांना पायऱ्या लावून देते, आणि वरची पायरी चढण्यास पदरी ठराविक प्रमाणपत्रधारक असावे लागतात. म्हणजे मुलीचा दाखला दाखवून कंपनी गिऱ्हाईक मिळविणार, आणि बांगड्या सावकाराच्या पेटीत!

रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, ही तक्रार जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडली होती. शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, पण त्याबरोबरच मोफतही केले. राजाला जे कळले ते या साहेबांना कळू नये काय?

कोणी म्हणेल, कंपनीने फी भरली आणि नोकर उद्या दुसरीकडे गेला तर? मग कारखान्यात शिकाऊ फिटर असतो त्याचे काय? 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला शिकताना विद्यावेतन द्यावे लागते. शिकून तोही दुसरीकडे जाऊ शकतो. तेवढ्याने कारखाने बुडाले नाहीत. फार तर वर्षभरात सोडणाऱ्याकडून फी परत घ्या. पण बारा हजारांसाठी लाखाचा करार लिहून घेणे ही वेठबिगारीच होय.

नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट लिहावे, की कंपनी जी परीक्षा मागेल तिची फी कंपनीच भरेल; पहिल्या खेपेस नापास झाल्यासही. असा अर्ज मुलीने साहेबापुढे ठेवला आहे. उत्तर आले की याच जागी छापू.